उन्हाला आत घेणारी घरं

घर बघायला गेलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न दिशेचा निघतो. दार कुणीकडे, स्वयंपाकघर कुठल्या कोपऱ्यात, झोपताना डोकं कुठे येणार. फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाला या सगळ्याची उत्तरं पाठ असतात. पण दिशेबद्दल एवढं बोलून झाल्यावरही एक साधा प्रश्न राहूनच जातो. डिसेंबरात भर दुपारी या खोलीत ऊन कुठवर येतं? आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता ते कुठल्या भिंतीला भिडतं?

हा प्रश्न नवा नाही. तो पूर्वी विचारला गेला, त्याचं उत्तर सापडलं, त्या उत्तराप्रमाणे वस्त्या उभ्या राहिल्या आणि मग लोक ते विसरून गेले. पुन्हा सापडलं, पुन्हा विसरले. घराच्या आणि उन्हाच्या नात्याचा इतिहास हा एका अर्थी विसरण्याचाच इतिहास आहे, आणि विसरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच दिसतं. सरपण स्वस्त झालं, की माणसाला सूर्याची आठवण राहत नाही.

सुरुवात सॉक्रेटिसपासून करू. त्याचा शिष्य झेनोफन याने गुरूच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात एके ठिकाणी घराची चर्चा येते. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की जे घर राहायला सुखाचं तेच सुंदर. मग सुखाचं घर कोणतं? तर ज्याचं तोंड दक्षिणेला आहे ते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्याचे किरण पडवीतून थेट आत येतात. उन्हाळ्यात तो डोक्यावरून, छपरावरून जातो आणि पडवीत सावली राहते. म्हणून दक्षिणेची बाजू उंच ठेवावी आणि उत्तरेची बसकी, म्हणजे गार वारा आत शिरणार नाही.

एवढंच. यात तत्त्वज्ञान कमी आणि गवंडीकाम जास्त आहे. पण हिशेब पक्का आहे. अथेन्समध्ये डिसेंबरातला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर चढतो, जूनमध्ये तोच ७५ अंशांवर असतो. या एका फरकावर सगळा खेळ उभा आहे. यंत्र लागत नाही, इंधन लागत नाही, कुणी बटण दाबायला लागत नाही. अलीकडे अशा घराला ‘पॅसिव्ह सोलर’ म्हणतात. पॅसिव्हला मराठीत ‘निष्क्रिय’ म्हणणं मात्र माझ्या जिवावर येतं. हे घर निष्क्रिय नसतं, ते फक्त धावपळ करत नाही.

सॉक्रेटिस काही हवेत बोलत नव्हता. उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथस या शहराचं उत्खनन १९२८ पासून दहा वर्षं चाललं. मॅसिडोनियाच्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, इसवीसनपूर्व ३४८ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं होतं. तिथल्या घरांची जोती सापडली तेव्हा दिसलं, की रस्ते चौकटीच्या रेघांसारखे आखलेले आहेत आणि घरामागून घर एकाच पद्धतीचं आहे. मध्ये चौक, चौकाच्या उत्तरेला लांब पडवी, पडवीमागे राहत्या खोल्या. पडवीचं तोंड दक्षिणेला. सगळ्यांना ऊन मिळावं अशा बेताने वस्ती आखलेली होती. त्या काळी ग्रीक माणूस शेगडीत कोळसा जाळायचा आणि अथेन्सभोवतीचे डोंगर उघडेबोडके पडल्याची खंत प्लेटोने लिहून ठेवलेली आहे. लाकूड संपत आलं, तेव्हा ऊन मोजून घरं बांधली गेली.

रोमन लोकांनी तर त्यापुढे जाऊन उन्हाचा कायदाच केला. उन्हासाठी बांधलेल्या खोलीवर शेजाऱ्याने सावली पाडली तर तो हक्काचा भंग होतो, असं मत अल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताने नोंदवलेलं आहे. अगदी अलीकडे, १९७२ मध्ये, जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही शेजारच्या बांधकामाने ऊन अडलेल्या माणसाची बाजू उचलून धरली. आपल्याकडे खिडकीसमोर टॉवर उभा राहिला, की आपण दृश्य गेलं म्हणून हळहळतो. ऊन गेलं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

त्यानंतरची बरीच शतकं मी इथे एका उडीत ओलांडतो. दगडी कोळसा आला, मग वाफेचे नळ आले, घर कुणीकडेही तोंड करून बसलं तरी चालू लागलं. मधेच एखादा चिकित्सक माणूस उगवायचा. अमेरिकेतल्या सेलम गावचा एडवर्ड मोर्स हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, जपानला जाऊन आलेला, जपानी घरांवर सुरेख पुस्तक लिहिणारा. घराच्या उन्हाकडच्या भिंतीला काळी फरशी लावायची, तिच्यापुढे काच बसवायची, वर आणि खाली झरोके ठेवायचे, तापलेली हवा आपोआप वरून खोलीत येते आणि गार हवा खालून काचेमागे जाते, अशी युक्ती त्याने काढली. १८८१ मध्ये तिचं पेटंटही घेतलं. लोकांनी ती पाहिली आणि पुन्हा भट्टीत कोळसा टाकला.

खरी गंमत शिकागोत झाली. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फ्रेड केक या वास्तुविशारदाने ‘उद्याचं घर’ म्हणून एक बाराकोनी, सगळ्या बाजूंनी काचेचं घर बांधलं. काम हिवाळ्यात चाललं होतं. तापवण्याची यंत्रणा अजून बसायची होती, बाहेर शिकागोची थंडी, आणि आत केक जाऊन बघतो तर कामगार नुसत्या सदऱ्यावर काम करताहेत. काचेतून आलेलं ऊन आत अडकून पडलं होतं. उन्हाळ्यात अर्थात त्याच घराची भट्टी झाली. केक शहाणा माणूस. त्याने पुढच्या घरांत काच फक्त दक्षिणेला ठेवली आणि तिच्यावर मोजून छज्जा काढला. १९४० मध्ये शिकागोजवळ त्याने असं एक घर बांधलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने त्याला ‘सोलर हाउस’ म्हटलं आणि हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. सॉक्रेटिसची पडवी तेवीसशे वर्षांनी पुन्हा सापडली ती अशी. त्यानंतर महायुद्ध आलं, अमेरिकेत इंधनावर रेशनिंग आलं आणि या घरांची चौकशी वाढली.

युद्ध संपल्यावर दोन घरं उभी राहिली. दोन्ही १९४८ सालची, दोन्ही कुटुंबांनी राहण्यासाठी बांधलेली. त्यांच्याबद्दल जरा सावकाश सांगतो.

पहिलं विस्कॉन्सिन राज्यातलं. हर्बर्ट जेकब्ज हा पत्रकार आणि त्याची बायको कॅथरीन यांना बेताच्या पैशात घर हवं होतं. वास्तुविशारद होता फ्रँक लॉइड राइट. जमीन उघड्या माळावर, उत्तरेचा वारा बोचरा, हिवाळा शून्याच्या कितीतरी खाली जाणारा. राइटने घराला धनुष्यासारखा बाक दिला. आतल्या बाजूला, दक्षिणेकडे, दोन मजले उंच काच. पाठीला, उत्तरेकडे, मातीचा उतार थेट वरच्या खिडक्यांपर्यंत चढवलेला, म्हणजे वारा घरावर आपटण्याऐवजी त्यावरून घसरून जावा. त्या मातीतल्या बोगद्यातून घरात यायचं. वर रुंद छज्जा. फरशीखाली गरम पाण्याचे नळ होते, पण ऊन असलं की थंडीतही दिवसा ते बंद ठेवता येत, असं या नवरा-बायकोंनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. या घराचं बरंचसं काम दोघांनी स्वतःच्या हातांनी केलं. मला या घरात सगळ्यात आवडते ती पाठीची माती. काच सगळ्यांना दिसते. माती कुणाच्या लक्षात येत नाही, पण अर्धं काम तीच करते.

दुसरं घर बॉस्टनजवळ डोव्हर इथलं, आणि ते तीन स्त्रियांनी उभं केलं. पैसे आणि जागा अमेलिया पीबडी या शिल्पकार बाईंची. आराखडा एलेनॉर रेमंड यांचा. आणि कल्पना मारिया टेल्केस यांची. टेल्केस बुडापेस्टला १९०० साली जन्मल्या, अमेरिकेत येऊन एमआयटी या नामांकित संस्थेत संशोधन करू लागल्या. महायुद्धात समुद्रात अडकलेल्या सैनिकांसाठी, उन्हावर खारं पाणी गोडं करण्याचं छोटं साधन त्यांनी बनवलं होतं.

टेल्केसबाईंना जी अडचण सोडवायची होती, ती उन्हाच्या घराची मूळ अडचण आहे. ऊन दिवसा येतं, थंडी रात्री वाजते. मग दुपारची ऊब रात्रीपर्यंत ठेवायची कशात? दगडात, मातीत, पाण्यात ठेवता येते, पण त्याला जागा फार लागते. त्यांनी निवडलं ग्लॉबरचं मीठ. हे स्वस्त मीठ, जुन्या काळी वैद्य जुलाबासाठी द्यायचे. त्याचा गुण असा, की साधारण ३२ अंशांना ते वितळतं आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं. पुन्हा गोठताना तेवढीच बाहेर सोडतं. डोव्हरच्या घरात माडीची सगळी दक्षिण बाजू काचेची आणि काचेमागे काळा पत्रा होता. तापलेली हवा पंख्याने भिंतीआडच्या कोठड्यांत जायची. तिथे डब्यांतून २० टनांच्या वर मीठ भरून ठेवलेलं. ढगाळ हवेत दहाएक दिवस काढता येतील असा अंदाज होता. पंखे असल्याने हे घर शुद्ध पॅसिव्ह नव्हे, हे खरं. पण घर तापवायला भट्टी नाहीच, असं ठरवून एक कुटुंब १९४८ च्या नाताळात तिथे राहायला आलं. ते टेल्केसबाईंच्याच नात्यातलं होतं.

दोन हिवाळे बरे गेले. तिसऱ्यात मिठाने दगा दिला. पुन्हा पुन्हा वितळून-गोठून त्याचे थर वेगळे झाले, जड भाग तळाशी बसला, डबे गंजून गळू लागले. शेवटी घराला नेहमीची तापवण्याची यंत्रणा बसवावी लागली. टेल्केसबाईंना पुढे एमआयटीही सोडावी लागली. त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या संस्थांतून सूर्यावर काम करत राहिल्या आणि १९९५ मध्ये बुडापेस्टलाच वारल्या. आज वितळणाऱ्या पदार्थांत उष्णता साठवण्यावर जगभर संशोधन चालतं आणि त्यात डोव्हरचं नाव निघतंच. पण त्या वेळी लोकांनी एवढाच अर्थ काढला, की हे काही जमत नाही. एव्हाना तेल आणि गॅस इतके स्वस्त झाले होते, की जमवायची गरजही कुणाला वाटत नव्हती. विसरण्याचा पुढचा हप्ता सुरू झाला.

फ्रान्समध्ये फेलिक्स ट्रोम्ब या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावी, जाक मिशेल या वास्तुविशारदाबरोबर, मोर्सचीच युक्ती जाड काँक्रीटच्या भिंतीवर करून दाखवली. काळी रंगवलेली भिंत, तिच्यापुढे काच. फूट-सव्वा फूट जाडीच्या भिंतीतून ऊब आत पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारी घेतलेलं ऊन ती रात्री देते, म्हणजे डोव्हरला मिठाने जे करायचं होतं ते इथे भिंत करते. आज जगभर तिला ट्रोम्बची भिंत म्हणतात. मोर्सचं नाव मागे पडलं.

मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत भाव चौपट झाले आणि पश्चिमेला सूर्य एकदम आठवला. न्यू मेक्सिकोत मातीच्या विटांची, पुढे काचघर असलेली सुंदर घरं बांधली गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारी ३२ सौर तावदानं बसवली. १९८६ मध्ये रेगन यांच्या कारकिर्दीत छताच्या दुरुस्तीसाठी ती काढली आणि परत लावलीच नाहीत. तेव्हा तेल पुन्हा स्वस्त झालं होतं. याहून नेमका दाखला मला सापडलेला नाही.

या लाटेत बांधलेल्या बऱ्याच घरांची मात्र तक्रार होती. दिवसा काचेमुळे घामाघूम, पहाटे त्याच काचेमुळे हुडहुडी. इथे मला माझ्या दोन भाषा आठवतात. मराठीत ‘ऊन’ म्हणजे सूर्याचं ऊन. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत ‘ऊन’ म्हणजे लोकर, आणि सूर्याच्या उन्हाला ‘धूप’ म्हणतात, जो मराठीत जाळायचा असतो. लहानपणी या गोंधळावरून आम्हा भावंडांत बरीच करमणूक चालायची. पण घराच्या बाबतीत ही दोन्ही ‘ऊन’ लागतात. ऊन आत घेणं एक, आणि आत आलेलं टिकवायला घराला लोकर पांघरणं दुसरं. सत्तरच्या दशकापर्यंत लोक पहिल्याच उनाच्या मागे होते.

दुसरं लक्षात आलं ते कडक थंडीच्या मुलुखात. १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना इथे फूटभर जाड भिंतींचं, फट म्हणून न ठेवलेलं एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देण्याची सोय त्यात होती. तोच विचार पुढे नेऊन स्वीडनचे बो अ‍ॅडमसन आणि जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट यांनी डार्मस्टाट इथे चार घरांची एक ओळ बांधवली. १९९१ मध्ये फाइस्ट स्वतः बायकामुलांसह त्यातल्या एका घरात राहायला गेले. छतात जवळजवळ दीड फूट खनिज लोकर, खिडक्यांना तिहेरी काच, मोठ्या खिडक्या अर्थातच दक्षिणेला. घर तापवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे साधारण १० युनिट पुरू लागले. जुन्या जर्मन घरांच्या मानाने हे दहावा हिस्साही नव्हे.

आपल्या देशात या दोन्ही उनांची गाठ पडली ती लडाखमध्ये. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात थंडी जीवघेणी, पण आकाश बहुतेक दिवस निरभ्र. पूर्वी घरात गोवऱ्या आणि काटक्या जळायच्या, त्या गोळा करण्यात बायका-मुलांचा जीव जायचा आणि धूर सगळ्यांच्या छातीत. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सेकमोल’ या संस्थेचं फे गावचं संकुल बघा. भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, तोंड दक्षिणेला, छतात आणि भिंतींत भुसा-रंध्याच्या कचऱ्याचं अस्तर. हिवाळ्यात दर्शनी भागावर प्लॅस्टिकचा कागद सोडून काचघर करायचं, उन्हाळ्यात तो गुंडाळून ठेवायचा. बाहेर उणे १५ असताना आत साधारण १४-१५ अंश राहतात, आणि त्यासाठी एक काडीही जाळावी लागत नाही. वांगचुक यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डोव्हरला २० टन मिठाने जे पुरतं साधलं नाही, ते इथे मातीने आणि कचऱ्याने साधलं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, की आम्हाला काय त्याचं? आमच्याकडे ऊब मिळवायची पंचाईत नाही, उन्हापासून वाचायची आहे. खरं आहे. पण हिशेब तोच, फक्त उलटा मांडायचा. लेहला डिसेंबरातल्या दुपारी सूर्य ३२ अंशांवर असतो, पुण्याला ४८ वर. पुण्यात मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात आपला खरा वैरी छत, आणि त्याखालोखाल पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला दोन-अडीच फुटांचा छज्जा असला तर ऊन अडतं. पश्चिमेचं चार-पाच वाजताचं ऊन मात्र तिरपं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. तिथे झाड हवं, पडवी हवी, नाहीतर खिडकीच लहान हवी. अलीकडच्या इमारतींत नेमकी तिथेच भिंतभर काच असते आणि काचेमागे एसी. शेवटच्या मजल्यावर स्लॅबखाली राहणाऱ्यांना, आणि त्याहून पत्र्याखाली राहणाऱ्यांना, हा हिशेब कुणी चुकवला ते रात्री दोन वाजता कळतं.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. इमारतीच्या भिंती-खिडक्यांमधून किती उष्णता आत येऊ द्यायची, याची मर्यादा तिच्यात आकड्यांत दिलेली आहे. मला ते आकडे वाचताना राहून राहून चार्ल्स कोरिया आठवत होते. त्यांनी अहमदाबादमध्ये साठच्या दशकात दोन घरांचा विचार केला. एक ‘ट्यूब हाउस’, अरुंद आणि लांब, ज्यात तापलेली हवा उतरत्या छपराखालून वर चढून माथ्याशी बाहेर पडते आणि खालून गार हवा ओढली जाते. दुसरं पारेख यांचं घर. त्यात एकाच घराचे दोन भाग आहेत. एक खाली रुंद आणि वर निमुळता, उन्हाळ्याच्या दुपारी बसायला. दुसरा वर आभाळाला उघडा होत गेलेला, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी वापरायला. हवामान बदललं, की माणसांनी या भागातून त्या भागात जायचं.

आपल्याकडे ही रीत नवी नव्हतीच. मराठवाड्यात, सोलापुराकडे माळवदाची घरं होती. दोन-दोन हात जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. दुपारी सगळे आतल्या अंधाऱ्या खोलीत, उन्हं कलली की ओट्यावर, आणि रात्री अंथरुणं माळवदावर. माझी दादी मेच्या दुपारी खिडक्या घट्ट लावून घ्यायची आणि दिवस मावळल्याशिवाय कुणाला उघडू द्यायची नाही. शहरातून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, म्हातारी वारा अडवतेय. ती बाहेरची तापलेली हवा अडवत असायची.